जास्तीचा एक तास

सप्टेंबरात भिंतीवर तक्ता चिकटवला होता.
सोमवार हिरवा, मंगळवार पिवळा,
वाचन, टिपणं, संदर्भ, झोप,
ज्याला त्याला आपापला चौकोन,
नव्या वसाहतीत प्लॉट आखावेत तसे.
आता तिथं कोण राहतं विचाराल,
तर एका चौकोनात आमटीचा डाग राहतो.
बाकीचे मोकळेच. कुंपणं तेवढी शाबूत.

शेफील्डमध्ये सपाट असं काही नाही.
वॉकलीचा चढ चढताना छातीचा भाता होतो,
बोलता येत नाही, पण आठवता येतं.
म्हणून मी व्याख्यानं चढावर घोकते:
पूररेषा न्हाव्याच्या दुकानापर्यंत,
बांधांचे तोटे टपालपेटीपर्यंत,
आणि दार उघडेस्तोवर
अर्धं विसरते.

डॉक्टर इबटसन म्हणाल्या, वेळेचं नियोजन कर.
त्यांच्या टेबलावर वाळूचं घड्याळ होतं,
वाळू कधीचीच खाली येऊन बसलेली.
मी हो म्हटलं.
म्हणायचं होतं, बाई, आमच्या भाषेत वेळ काढतात,
विहिरीतून पोहऱ्यानं पाणी काढावं तसा,
आणि काढायला गेलं की
कधी दोर तोकडा, कधी नुसता गाळ.
शिवाय वेळ 'तो' असला की पुरत नाही
आणि 'ती' असली की टळत नाही.
हे इंग्रजीत सांगायला दहा मिनिटं लागली असती.
भेट पंधरा मिनिटांची होती,
तेरा झाली होती.

ऑक्टोबरचा शेवटचा शनिवार.
रात्री दोनाचा पुन्हा एक होतो,
देशातल्या प्रत्येकाला एक तास परत मिळतो.
इफेओमानं तो झोपेला दिला,
खालच्या रिसनं बियरला.
मी निबंधासाठी राखला:
तीन हजार शब्द, सोमवारी दुपारी बाराच्या आत,
नदीला जागा कशी सोडावी यावर.
पण माझी वृद्धाश्रमात रात्रपाळी होती,
आणि तिथं तो तास
आधीच मांडून ठेवला होता,
माझ्या नावापुढं, निळ्या शाईत.

एक वीसला नऊ नंबरची घंटा.
विनिफ्रेड स्टॅनिफर्थ, वय एक्क्याण्णव,
चमच्यांना झिलई देण्यात चाळीस वर्षं गेलेली.
किती वाजले?
एक वीस.
पाणी दिलं, उशी उलटून दिली.
मग दोनाचा एक झाला.
वही उघडली. मधला परिच्छेद
तीन आठवडे जागचा हलत नव्हता,
तसाच पसरून बसलेला.
पुन्हा घंटा.
किती वाजले?
एक वीस.
ती बघतच राहिली.
म्हणाली, पोरी, तू मला फसवतेस
की कुणी तुला?

घड्याळाची भानगड सांगितली.
मग बस इथंच, म्हणाली, फुकटातला तास आहे.
काय लिहितेस, वाच.
वाचलं. तिनं डोळे मिटले, वाटलं झोपली.
फार पुढून घासतेयस, म्हणाली.
चमचा पाठीकडून धरायचा.
पाठ लखलखली की पोट आपोआप.
आणि खरंच झोपली.

मी शेवटचं वाक्य आधी लिहिलं.
मग त्याच्या आधीचं.
दोन घंटा आल्या, एक ओली चादर,
अकरा नंबरला उगाचच भीती वाटत होती, तिथं थांबले.
तासाच्या शेवटी दीड पान.

सकाळी पैठणहून आईचा फोन.
म्हणाली, आजपासून तू आणखी तासभर मागं.
मागं मशीन चालूच.
ब्लाउजपीस अपुरं पडलं की ती काखेत जोड द्यायची,
हात वर केल्याशिवाय दिसत नाही अशा जागी.
निबंध कसा झाला?
जोड देऊन, म्हटलं.
ती हसली, दोरा तुटला, फोन ठेवला.

सोमवारी अकरा एक्केचाळीसला दिला,
दोन संदर्भ राहिलेच.
तक्ता अजून भिंतीवर आहे.
मार्चमध्ये तो तास परत न्यायला येतील.
मी कामावर असेन.
कुणी विचारलं तर सांगा,
खर्च झाला.